४२९४९६७२९७ ला कोण भागतं? (वही-पेन घेऊनच या)

हातचा_एक

परवा रात्री झोप येईना म्हणून वही काढली आणि २ ची दुप्पट, चौपट, आठपट करत बसले. बत्तिसाव्या पायरीला ४२९४९६७२९६ आलं. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव. त्यात एक मिळवला की जी संख्या होते, तिच्यासाठी हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फर्मा या फ्रेंच गणितीनं १६४० मध्ये पत्रांतून एक अंदाज कळवला होता. २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात घ्या आणि प्रत्येकात एक मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात. पाचही मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळ संख्याच मिळत राहतील, असं त्याचं म्हणणं. सिद्धता आपल्याकडे नाही हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. पुढचा घात ३२, म्हणजे आपली ही बाई. ऑयलर या गणितीनं १७३२ मध्ये दाखवलं की तिला ६४१ नं पूर्ण भाग जातो. अंदाज पहिल्याच न तपासलेल्या पायरीवर कोसळला.

मी ३ पासून सुरुवात करून एकेका मूळ संख्येनं भागत गेले. १०१ पर्यंत पोचले आणि हात दुखायला लागला. उत्तर ठाऊक असूनही ही अवस्था! तर प्रश्न असा: ६४१ वर हातानं, कमीत कमी भागाकारांत कसं पोचायचं? यंत्राला विचारून सांगू नका.

---

उणे_अधिक

यंत्राला विचारायचा मोह मला झाला होता, त्याची गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना संख्या मूळ आहे का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पहिलीच ही संख्या दिली. उत्तर क्षणात: "मूळ नाही." मी खूश. मग कुतूहल म्हणून विभाजक छापायला सांगितला तर काहीच छापेना.

घोळ असा की मी ३२ बिटांचा चल वापरला होता. त्यात ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं. आणखी एक मिळवला की पुन्हा शून्य, आणि दोन मिळवले की १. म्हणजे माझा प्रोग्रॅम अगदी इमानदारीत "१ ही मूळ संख्या आहे का" हे तपासत होता. उत्तर बरोबर, पण वेगळ्याच प्रश्नाचं.

---

बाकी_शून्य

आधी ६४१ नं भाग जातो याची खात्री करून घेऊ, दहा अंकी भागाकार न करता. फक्त बाक्या धरायच्या.

२ चा ८वा घात २५६.
१६वा घात म्हणजे २५६ चा वर्ग, ६५५३६. यातून ६४१ × १०२ = ६५३८२ काढले की बाकी १५४.
३२वा घात म्हणजे पुन्हा वर्ग. पण आता ६५५३६ चा नाही, १५४ चाच करायचा. १५४ × १५४ = २३७१६.
आणि ६४१ × ३७ = २३७१७.

एक कमी पडतो! म्हणजे २ च्या ३२व्या घातात एक मिळवला की पूर्ण भाग. चार ओळी, पोस्टकार्डावर मावतील.

आणखी एक युक्ती आहे. ६४१ दोन तऱ्हेनं लिहिता येतो: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी "वजा एक", म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी पडतो. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी "अधिक एक". दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी वजा २^४ घालता येतो. मग वजा २^३२ ची बाकी १. झालं. दिसायला देखणी आहे, पण मला वरची १५४ वाली जास्त आवडते, कारण तिच्यात काहीही आधी सुचावं लागत नाही.

---

हातचा_एक

२३७१६ आणि २३७१७! करून पाहिलं, अंगावर काटा आला. पण हे ६४१ माहीत असल्यावर. मुळात ६४१ कुठून आणायचा?

---

पाढेपंडित

आता मुद्द्यावर येऊ. सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायची गरजच नाही. बहुतेक दारं आधीच बंद आहेत.

समजा 'म' या मूळ संख्येनं आपल्या संख्येला भाग जातो. मग २ च्या ३२व्या घाताची म नं भागल्यावरची बाकी "वजा एक", आणि त्याचा वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. म्हणजे २ चे घात घेत गेलो तर बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांनी पुन्हा १ वर येतं. त्याआधी येत नाही, कारण चक्राची लांबी ६४ ला भागणारी हवी आणि ३२ वर आपण "वजा एक" वर उभे आहोत. दुसरीकडे, फर्माच्याच लहान प्रमेयानुसार म−१ पावलांनीही १ वर यावंच लागतं. म्हणून म−१ ला ६४ नं भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे उमेदवार फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणारे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार आणि काम फत्ते. ऑयलरनं विभाजकांचा हा नियम नंतर सिद्धही केला.

---

हातचा_एक

पाच!! आणि मी पंचवीस भागाकार करून १०१ ला थांबले होते. एक शंका: "त्याआधी येत नाही" हे नीट कळलं नाही. २१ पावलांनी वगैरे १ वर का येणार नाही?

---

पाढेपंडित

चक्र २१ चं असतं तर २१, ४२, ६३ या पावलांवर १ आला असता आणि ६४व्या पावलावर बाकी २ असती. पण ६४ वर तर १ आहे. म्हणून लांबी ६४ ला नेमकी भागणारी हवी: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. यांतली ६४ सोडून कुठलीही असती तर ३२व्या पावलावर १ आला असता. तिथं "वजा एक" आहे.

---

तिरकस

सगळं छान, पण याचा उपयोग काय? ज्या संख्येचे विभाजक तीनशे वर्षांपूर्वी सापडले तिच्यामागे लोक रात्री जागवतात म्हणजे कमाल आहे.

---

उणे_अधिक

@तिरकस, तुम्ही ज्या सुरक्षित जोडणीवरून हा खवट प्रतिसाद लिहिलात, तिथल्या आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्ल्यांमध्ये (कीज) वरच्या यादीतला ६५५३७ अगदी नेहमी वापरतात. द्विमान पद्धतीत त्याच्यात फक्त दोन एक असतात, त्यामुळे घात काढताना मेहनत कमी. बाकी उपयोगासाठी वेगळा धागा काढा, इथं भागाकार चालू द्या.

---

चौकटराजा

पाचाचा एक करता येतो.

१८७८ मध्ये लुकास यानं नियम आणखी घट्ट केला: ६४ नाही, १२८. कारण चक्र ६४ चं असेल तर म−१ ला ८ नं भाग जातो, आणि अशा मूळ संख्येच्या राज्यात २ हा स्वतःच कुणाचा तरी वर्ग असतो. ६४१ पुरतं करून दाखवतो: ६७ चा वर्ग ४४८९, आणि ६४१ × ७ = ४४८७. बाकी २! म्हणजे इथं ६७ हेच २ चं वर्गमूळ. २ चं चक्र ६४ पावलांचं, तर ६७ चं १२८ पावलांचं. म्हणून म−१ ला १२८ नं भाग जायलाच हवा.

उमेदवार आता असे: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ आणि ५१३ ला ३ नं भाग जातो, ३८५ ला ५ नं. उरले २५७ आणि ६४१. आणि २५७ तर स्वतःच फर्माच्या यादीतला! ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार करून बघा. ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोननं कमी. म्हणजे या पाचांपैकी कशानंही भागलं तरी बाकी २ च राहणार. न भागताच २५७ बाद.

राहिला ६४१. पहिला भागाकार, आणि तोच शेवटचा.

---

हातचा_एक

मी नि:शब्द. वहीचं एक अख्खं पान खोडून टाकलं.

---

जुनी_पाटी

वाचतेय. वाचनखूण साठवली.

मला फर्माचं आश्चर्य वाटतं. ज्या लहान प्रमेयावर पाढेपंडितांची युक्ती उभी आहे ते त्याचं स्वतःचं, तेही १६४० चंच. २ च्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांचे विभाजक शोधताना याच जातीची चाळणी त्यानं वापरली होती. मग इथं कसा चुकला? आणि चाळणी नसती तरी ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. ११६ भागाकार त्या काळच्या माणसाला जड नव्हते.

---

बाकी_शून्य

त्यानं भागाकार केलेच नसतील असं म्हणण्यापेक्षा मला वाटतं केले आणि एखादा हातचा विसरला. अर्थात हा आपला तर्क. @हातचा_एक, आयडीवरून टोमणा नाही हं!

पण या संख्येत एक खरोखरची फसवी जागा आहे. मूळ आहे का ते तपासायची सोपी कसोटी म्हणजे २ चा (संख्या वजा एक) एवढा घात घ्यायचा आणि बाकी १ येते का पाहायचं. आपल्या संख्येला लावा. संख्या वजा एक म्हणजे २^३२. आपल्याला माहीत आहे की ६४ पावलांनी बाकी १ येते, आणि २^३२ ही ६४ ची पटच आहे. म्हणून बाकी १. कसोटी पास! संयुक्त असून मूळ असल्याचा आव आणणारी संख्या आहे ही. ज्याला २ चीच कसोटी माहीत आहे तो तिच्यापुढे हमखास फसणार.

२ ऐवजी ३ घेतला की मुखवटा गळतो. ३ चा तेवढाच घात घेऊन भागलं तर १ यायला हवा होता, येतात ३०२९०२६१६०. यासाठी बत्तीस वेळा वर्ग करून बाकी काढायची. एकतीस वर्गांनंतर १०३२४३०३ येतो. पेपँ याच्या १८७७ च्या कसोटीप्रमाणे संख्या मूळ असती तर इथंच "वजा एक" यायला हवा होता. गंमत म्हणजे या रस्त्यानं संख्या संयुक्त आहे हे पक्कं कळतं, पण एकही विभाजक हाती लागत नाही.

---

जुनी_पाटी

चोर आहे हे कळलं, नाव कळलं नाही.

अवांतर: झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकी मुलगा होता, जन्म १८०४. तोंडी हिशोबांचे जाहीर प्रयोग करायचा. लंडनमध्ये त्याला हीच संख्या घातली होती आणि त्यानं मनातल्या मनात ६४१ सांगितलं. तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता.

---

तिरकस

आठ वर्षांचा. बरं. मी पुन्हा काही बोलत नाही.

---

चौकटराजा

वर कुणी वर्गांकडून आलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते या संख्येतली सगळ्यात सुंदर जागा हीच.

आपली संख्या उघडच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. मूळ संख्या असती तर असं लिहायची ही एकमेव रीत असती. पण हे बघा:

६२२६४ चा वर्ग = ३८७६८०५६९६
२०४४९ चा वर्ग = ४१८१६१६०१
बेरीज = ४२९४९६७२९७

दुसरी रीत सापडली म्हणजे संयुक्त. आणि इथं चोराचं नावही मिळतं. ऑयलरचीच पद्धत आहे. दोन्ही रीतींतल्या सम संख्या एकीकडे, विषम एकीकडे:

६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८. यांचा मसावि ८.
६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०. यांचा मसावि ५०.

मसावि निम्मे करा: ४ आणि २५. वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१!

आणि मसाविनं भागून उरलेले ४०९ आणि २५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. हाच दुसरा विभाजक. ६४१ × ६७००४१७ करून पाहा, बरोबर आपली संख्या.

(२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. त्याला काही कारण आहे असं नाही, नुसतं छान दिसतं.)

---

पाढेपंडित

अप्रतिम. ६२२६४ आणि २०४४९ आधी हुडकायचे कसे हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. चाचपडत शोधायला ६४१ पेक्षा फार जास्त वेळ लागेल.

---

चौकटराजा

मान्य. खरं सांगायचं तर मी उलटे आलो: ६४१ आणि ६७००४१७ आधी दोन-दोन वर्गांच्या बेरजेत मांडले आणि ते वर्ग एकमेकांत गुंफले. २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६. बेरीज केली तर ६५५३६, वजाबाकी केली तर ६२२६४. तसंच २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. दोन्ही रीती एकाच वेळी बाहेर पडतात.

---

उणे_अधिक

शेजारणीबद्दल कुणी सविस्तर लिहिणार आहे का? ४२९४९६७२९५. मला ती फक्त "३२ बिटांतली सगळ्यात मोठी" म्हणून ठाऊक होती, फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे हे आज कळलं.

---

जुनी_पाटी

लिहिते. गाउसनं १७९६ मध्ये दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त कंपास आणि पट्टीनं काढता येतो. मग सगळा नियमच बसला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार हवी. दुसऱ्या कुठल्याही विषम संख्येला जमणारच नाही, याची पक्की सिद्धता वांत्झेल यानं १८३७ मध्ये दिली. आज माहीत असलेल्या मूळ संख्या पाचच, म्हणून असे विषम बहुभुज एकतीस. त्यांतला सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ निघाली असती तर यादी एकदम दुपटीच्या वर गेली असती. हर्मेस नावाच्या गृहस्थांनी ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रीत लिहायला दहा वर्षं घालवली. ते बाड १८९४ साली पुरं झालं आणि ग्योटिंगनला जपून ठेवलं आहे.

आता पास्कलचा त्रिकोण काढा (कडांना १, मधला प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज) आणि विषम आकड्याच्या जागी १, समच्या जागी ० लिहा. १ ५ १० १० ५ १ ही ओळ ११००११ होते. द्विमान म्हणून वाचली की ५१, म्हणजे ३ × १७. वरून ओळी वाचत गेलात तर १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ असं येतं. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे ४२९४९६७२९५ चे बत्तीस विभाजक, चढत्या क्रमानं. बत्तिसावी ओळ नुसती एकांची, तीच शेजारीण. तिच्या लगेच खाली दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्यं. ती आपली.

---

हातचा_एक

मी आठ ओळींपर्यंत काढला. खरंच येतंय!

एक राहिलं. ६७००४१७ मूळ आहे हे सगळे गृहीत धरताहेत. तपासायला किती भागाकार?

---

पाढेपंडित

तिचा विभाजक हा मोठ्या संख्येचाही विभाजक, म्हणून १२८ च्या पटीत एक, हाच नियम. वर्गमूळ साधारण २५८८, म्हणजे वीसच उमेदवार. त्यांतल्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. चार भागाकार करा.

यापुढच्या फर्मा संख्येला हात घालायचा विचार असेल तर सावध करतो: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे विभाजक लांद्रीनं १८८० मध्ये काढले, वयाच्या ८२व्या वर्षी. लहान विभाजक २७४१७७, म्हणजे २५६ × १०७१ + १. पाचव्या फर्मा संख्येपासून (मोजणी ३ ला शून्यावी धरून, म्हणजे पाचवी ती आपलीच) बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे आता ठाऊक आहे. तेहेतिसावीचं कुणालाच माहीत नाही.

---

हातचा_एक

केले!

६४१ × १०४५३ = ६७००३७३, बाकी ४४
७६९ × ८७१३ = ६७००२९७, बाकी १२०
११५३ × ५८११ = ६७०००८३, बाकी ३३४
१४०९ × ४७५५ = ६६९९७९३, बाकी ६२४

एकही शून्य नाही. मूळ!

---

बाकी_शून्य

शेवटची ओळ पुन्हा करा. १४०९ च्या अंकांची बेरीज १४, तिची ५. ४७५५ ची २१, तिची ३. ५ × ३ = १५, म्हणजे ६. तुमच्या ६६९९७९३ ची येते ४९, मग १३, मग ४. जुळत नाही.

---

हातचा_एक

६६९९७९५. बाकी ६२२. नवापाचे पंचेचाळीसचा ५ घाईत ३ सारखा काढला होता आणि पुढं तोच वाचला. निकाल तोच आहे, पण ओळ खोडून नवी लिहिली.

---

उणे_अधिक

फर्माचंही असंच काहीतरी झालं असणार बघा.

---

तिरकस

तेहेतिसावीला किती उमेदवार तपासून झालेत? सहज विचारतोय.